लाल मोजे आणि एक जून

दर बारा वर्षांनी माणसाच्या जन्माचं प्राणीवर्ष परत येतं, आणि त्या वर्षी नियती त्याला नेमकं कामाच्या जागी हुडकत येते. हे चिनी पंचांगाचं ज्ञान मला इंग्लंडमध्ये, स्लाऊतल्या आमच्या वेअरहाउसच्या कँटीनमध्ये, मायक्रोवेव्हसमोर रांगेत मिळालं.

तेव्हा आम्ही तीन सुपरवायझर होतो आणि दोनच जागा राहणार होत्या. तिघांनीही आपापल्याच जागेसाठी नव्याने अर्ज करायचे होते. वीस वर्षं ज्या खुर्चीत बसलो, तिच्यासाठी आपण का योग्य आहोत हे लिहिताना मला फक्त झोप येत होती.

स्टॉक कंट्रोलमधली माझी चिनी सहकारी रिटायरमेंटला आली होती. तिने जन्मवर्ष विचारलं. मी सवयीने पासपोर्टवरची तारीख सांगितली.

"म्हणजे तू घोडा," ती गंभीरपणे म्हणाली, "आणि हे वर्षही घोड्याचंच. वाईट. नोकरी बदलू नकोस."

"मी कुठे बदलतोय? तेच बदलतायत."

दुसऱ्या दिवशी तिने उतारा म्हणून लाल मोजे आणून दिले. स्वतः विकत घेतलेले चालत नाहीत, कुणीतरी द्यावे लागतात. साडेसातीत आई मारुतीला तेल घालायची तेव्हा मी हसायचो. मोज्यांना हसलो नाही. थकलेल्या माणसाला तत्त्वं परवडत नाहीत.

इंटरव्ह्यूच्या सकाळी बायकोने मोजे पाहिले. "अहो, हे काय? सर्कशीत चाललात?"

"चिनी ग्रहशांत आहे."

"बरं. निदान पँट लांब घाला."

समोर माझ्यापेक्षा लहान दोन मॅनेजर होते. पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता, असं त्यांनी विचारलं. याच खुर्चीत, असं म्हणायचं नसतं. मी बरंच काही बोललो. काय ते आठवत नाही.

मला जागा मिळाली. तिसऱ्याला सामान भरायला पुठ्ठ्याचं खोकं मिळालं. त्याचं जन्मवर्ष कुणी विचारलं नव्हतं.

रविवारी आईला फोनवर ही हकिगत सांगितली. ती हसतच सुटली. "अरे, एक जून गुरुजींनी लिहिला! शाळेत घ्यायला तुझं वय बसेना. तू होळीच्या दुसऱ्या दिवशीचा, तोही पुढल्या वर्षीचा."

एक जून खोटा हे मला ठाऊक होतं. आमच्या अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एक जूनलाच होता. पण इथल्या प्रत्येक फॉर्मवर तो लिहून लिहून वर्षही खोटं आहे हे मी विसरून गेलो होतो.

सोमवारी चिनी सहकारिणीला सांगितलं. तिने बोटांवर मोजलं.

"मग तू मेंढी. तुझं वर्ष पुढचं."

"पण पासपोर्ट?"

"नियती पासपोर्ट बघत नाही. आईचं खरं." मग म्हणाली, "मोजे जपून ठेव."

घरी येऊन मी कंपनीचं पत्र पुन्हा वाचलं. जागा पुढच्या मार्चपर्यंत पक्की, त्यानंतर फेरविचार.

मोज्यांच्या पट्टीवर लिहिलं आहे : चाळीस अंशांत धुवा, इस्त्री करू नये.