मांडीवर निजवलेला फोन

अगं, जवळ ये ना, पाव्हणीसारखी दारात काय टेकलीस! ऐक. नव्व्याण्णव साली लिंबायतच्या आमच्या गल्लीत फोन एकच, आमचा. लेकीनं साडीच्या काठांची नक्षी काढणारा कॉम्प्युटरचा प्रोग्राम घरीच लिहिलेला. त्याचं फोल्डर फोनच्या तारेवरून पाठवून पुण्याच्या ऑफिसातल्या सगळ्यांनी लिहिलेल्या कोडला जोडलं, तरच तिला घरबसल्या नोकरी मिळणार होती. कुणी रिसीव्हर उचलला की जोडणी तुटायची, म्हणून मी फोन मांडीवर घेऊन पदराखाली झाकला.

शेजारीण आलीच. "ताई, धुळ्याला भावाशी बोलायचंय. फोन कुठाय?"

"त्याला बरं नाही. आत्ताच निजवलाय."

"मांडीवर?"

"मग काय पाळण्यात?"

तेवढ्यात लेक ओरडली, "आई, जोडलं! फोन मोकळा!"

मी फोन पुढे केला. शेजारीण भावाला म्हणाली, "तुझी ख्यालीखुशाली नंतर, आधी इथल्या फोनचा ताप उतरला ते ऐक!"

लेक अजून हसते त्यावर. निघालीस? तिला भेटायला तरी लवकर ये गं परत.