आधी आई

आमच्या वस्तीत बाळंतिणींना घरी येऊन तपासणाऱ्या नर्सबाईंना सगळे ‘आधी आई’च म्हणतात. कारण घरात पाऊल टाकल्यावर त्या बाळाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. आजी कौतुकाने बाळ पुढे करते, तर बाई खेकसतात, “ते कुठे पळून जात नाहीये. आधी आई! काय गं, जेवलीस का? झोप होते का? उगाच रडू येतं का?” मग बाळ नवऱ्याच्या हातात कोंबून त्या बाळंतिणीला निवांत अंघोळीला पिटाळतात. नवऱ्याला घाम फुटतो, पण बाईंना दया येत नाही.

परवा त्यांची स्वतःची लेक बाळंत झाली. बाई धावतपळत आल्या आणि थेट पाळण्यावर वाकल्या. “अगंबाई, नाक तर माझंच!”

मागून पलंगावरून लेकीचा आवाज आला, “नर्सबाई, इथली आई अजून जेवली नाहीये.”