आईच्या जुन्या कॅबिनेटमध्ये

आईचा कॉम्प्युटर कायमचा बंद पडला त्या दिवशी तिने काहीच तक्रार केली नाही. स्क्रीनवर एक धुतलेलं फडकं टाकलं, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि कुकर लावायला गेली. मला वाटलं, वय झालं, तिलाही आता टायपिंग नको असेल.

आमचं घर घाटकोपरला, टेकडीच्या बाजूच्या वसाहतीत. आई अकोल्याकडून लग्न होऊन इथे आली. टायपिंग इथेच शिकली, एका कचेरीत मराठी टायपिस्ट म्हणून लागली आणि बाबा लवकर गेल्यावर घरी कॉम्प्युटर घेऊन डीटीपीची कामंही करू लागली. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, कुणाकुणाचे प्रबंध. वसाहतीतल्या बुद्धविहाराचं जे काही छापून निघायचं ते तिच्या हाताखालून जायचं. मी तिच्या पाठीमागे भिंतीला टेकून अभ्यास करायचो. तिचा कीबोर्ड थांबला की मीही मान वर करायचो, एवढी त्या आवाजाची सवय झाली होती.

कॅबिनेट जाड पत्र्याचं. मुळात पांढरं, नंतर दुधाळ चहाच्या रंगाचं झालेलं. पुढे फ्लॉपीची फट, खाली मोठं चौकोनी बटण, आणि बटणाच्या वर हिरव्या दिव्यांत चमकणारा ६६ हा वेगाचा आकडा. मी एका कंपनीत कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळतो, त्यामुळे आतले भाग अधूनमधून बदलत आलो होतो. पण शेवटी त्या मदरबोर्डला चालेल असं बाजारात काही मिळेना.

म्हणून मी तिला लॅपटॉप आणून दिला. थोडे दिवस तिने तो वापरला, मग तो कपाटात साड्यांच्या घडीवर जाऊन बसला. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "चांगला आहे रे. पण मान खाली घालून बसावं लागतं. आणि बटणं इतकी चपटी, की दाबलं की नाही ते बोटाला कळतच नाही."

"मग मोठा आणू? हल्ली काचेचं कॅबिनेट मिळतं, आत रंगीत दिवे असतात."

"दिवे कशाला? लग्नाचा मांडव आहे का?" ती म्हणाली. मग टेबलाखालच्या त्या चहाच्या रंगाच्या डब्याकडे बघत राहिली. "ह्यातच नवीन काही बसत नाही का? तू दिवसभर तेच करतोस ना?"

तिला काम हवं होतं, हे मला तेव्हा कळलं. विहारातल्या बायका जी गाणी म्हणतात ती नीट टाइप करून ठेवायची तिच्या मनात होती. बहुतेक गाणी म्हाताऱ्या बायकांच्या तोंडीच उरली होती.

मी कॅबिनेट उघडलं. आत झुरळांची जुनी अंडी, धूळ आणि एक केसांची पिन निघाली. नवा मदरबोर्ड आकाराने लहान, जागा भरपूर होती, पण बाकी काहीच जुळत नव्हतं. जुन्या कॅबिनेटला मागे फक्त कीबोर्डपुरतं एक गोल भोक. नव्या बोर्डाला तिथे हाताच्या पंज्याएवढी खिडकी लागते. बोर्डाचे स्क्रू भलत्याच जागी येत होते. हवा आत यायला वाट नव्हती. हे काम पत्र्याचं होतं, आणि पत्र्याचं काम करणारा माझा एकच माणूस होता.

तो माझा शाळेपासूनचा मित्र. मूळचा मालवणकडचा, त्याचे वडील गिरणीत होते, गिरणी बंद झाल्यावर त्यांनी मरोळला छोटा गाळा घेतला, आणि आता तो गाळा हा चालवतो. इलेक्ट्रिक पॅनलचे डबे बनवतो. मी फोन केला तर म्हणाला, "घेऊन ये. पण फोटो पाठवू नको, मला हातात घेऊन बघू दे."

मी कॅबिनेट चादरीत गुंडाळून मेट्रोने निघालो. स्टेशनवर ते तपासणीच्या मशीनमधून गेलं आणि पडद्यासमोर बसलेल्या बाईंनी मला बाजूला घेतलं.

"इसमें क्या है?"

"कम्प्युटर का डब्बा है."

"कम्प्युटर किधर है?"

"कम्प्युटर नहीं है. सिर्फ डब्बा."

त्यांनी चादर सोडायला लावली, आत डोकावून पाहिलं, आणि मग मराठीतच विचारलं, "रिकामा डबा कुठे नेताय एवढा जपून?" आईचा आहे, दुरुस्तीला नेतोय, म्हटल्यावर त्यांनी चादरीची गाठ स्वतः बांधून दिली.

मित्राने डबा बाकावर ठेवला, बोटाने वाजवला. "काय पत्रो आसा रे! आता असा कोण देत नाही," तो खूश होऊन म्हणाला. मग काम सुरू झालं. मी घरी पुठ्ठ्यावर बोर्डाचा आकार काढून नेला होता, तो आत चिकटवून आम्ही खुणा केल्या. फ्लॉपी आणि सीडीच्या खालची लोखंडी चौकट रिव्हेट मारलेली होती, ती त्याने ड्रिलने सोडवली. मागची खिडकी ग्राइंडरने कापली. मी कानस घेऊन कडा घासत बसलो, कारण आईचा हात कधीतरी मागे जाणार हे दोघांनाही माहीत होतं. समोरच्या भागाला हात लावायचा नाही असं मी सांगून ठेवलं होतं, म्हणून पंख्याची जाळी त्याने बुडाला पाडली आणि खाली रबराचे उंच पाय लावले. दुपारी त्याच्या बायकोने दिलेल्या डब्यातलं बांगड्याचं कालवण आम्ही तिथेच बाकाच्या एका टोकाला बसून खाल्लं.

जुन्या बटणाचा एक प्रश्न होता. ते दाबलं की आतच राहायचं. नव्या कॉम्प्युटरला नुसती एक टिचकी हवी असते, दाबून ठेवलं तर तो बंदच पडतो. मित्राने स्विच उघडून आतली एक बारीक तार चिमट्याने काढली. बटण दाबल्यावर परत बाहेर येऊ लागलं, पण खट्ट असा आवाज तसाच राहिला.

पुढच्या रविवारी सकाळी मी घरी सगळं बसवलं. आई शेजारी लसूण सोलत बसली होती. जोडून झालं, बटण दाबलं, काहीच नाही. परत दाबलं. मी वायरी तपासल्या, मेमरी काढून पुन्हा लावली, घाम आला. आई म्हणाली, "चहा पिऊन बघ." चहा पिताना लक्षात आलं, की मागे वीजपुरवठ्याच्या डब्याला आणखी एक छोटा स्विच असतो, तो मी चालूच केला नव्हता. तो चालू केला, बटण दाबलं, पंखा फिरला आणि हिरवा ६६ उजळला. त्या आकड्याची वायर मी निव्वळ हौसेने जोडली होती.

आईच्या चेहऱ्यावर हसू आलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "आई, हा आकडा खोटा आहे हं. ह्याचा वेग त्याच्या कितीतरी पट आहे."

"मग आधी खरा होता का?"

आधीही नव्हता. तो आकडा मागच्या पिना लावून ठरवलेला असतो, यंत्राच्या वेगाशी त्याचा संबंध नसतो. मी तसं सांगितलं तर ती म्हणाली, "चालू आहे एवढं कळतं ना, बास झालं."

टाइपरायटरच्या पद्धतीचा मराठी कीबोर्ड नव्या कॉम्प्युटरमध्येही मिळतो. तो मी लावून दिला, आणि बटणं वर-खाली होतात असा जाड कीबोर्ड आणला. तिने चष्मा पुसला, बोटं ठेवली आणि स्वतःचं नाव टाइप केलं. पुसलं. मग तिच्या आईचं नाव टाइप केलं आणि ते राहू दिलं. मी उठून गॅलरीत गेलो. मागून कीबोर्ड वाजत होता, आधी अडखळत, मग सलग.

आता बुधवारी दुपारी विहारातल्या दोघी-तिघी आमच्याकडे येतात. एकजण गाते, आई टाइप करते, बाकीच्या दुरुस्त्या सांगतात. अक्षरं स्क्रीनवर इतकी मोठी असतात, की एका वेळी दोनच ओळी मावतात. परवा मी घरी होतो तर त्यांच्यात एका शब्दावरून वाद चालला होता. एक म्हणत होती तिच्या गावी 'पाणवठा' म्हणतात, दुसरी म्हणत होती मूळ गाण्यात 'विहीर' आहे.

"थांबा गं," आई म्हणाली, "दोन्ही लिहिते. म्हणा, तू आधी म्हण."

ती म्हणू लागली, आणि आईने मला हाताने खूण केली की दार लोटून घे, बाहेर कुकरची शिट्टी होतेय.