कोपर बुडवून

आईचं डावं अंग लुळं पडलं, तेव्हा डॉक्टरांनी कोमट पाण्यात व्यायाम सांगितला. सेनगावात तशी सोय कुठली! मग अंगणातच हौद बांधून घेतला, कमरेइतका खोल, बसायला पायरी, धरायला दांडा. बांधणारा मिस्त्रीच पुढं दर शुक्रवारी नमाजानंतर तो घासायला येऊ लागला.

माणूस अबोल आणि किरकिऱ्या. फरशीच्या सांध्यात शेवाळ दिसलं की माझ्याकडं असं बघायचा, जसं मीच ते पेरलंय. सोलरचं पाणी कमी पडलं की कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या घालून बंब पेटवायचा. मग घड्याळ काढून टोपीत ठेवायचा आणि हौदात कोपर बुडवायचा. "थंडच हाय," म्हणून पुन्हा बंबाकडं. शेवटी खोलीकडं तोंड करून ओरडायचा, "मावशी, बराबर हाय!" ही हाक आल्याशिवाय आई खाटेवरून पाय खाली सोडायची नाही.

एका शुक्रवारी पहाटे आई गेली. बहिणी येईपर्यंत दुपार झाली. शेवटच्या अंघोळीचं पाणी बादलीत काढलं होतं, तिरडी बांधून तयार होती. तेवढ्यात मिस्त्री आला. त्यानं घड्याळ काढलं, बादलीत कोपर बुडवला.

"काहून घाई करून राहिले? थंड हाय हे."

त्यानं बंब पेटवला. भावकीसकट आम्ही सगळे अंगणात पाणी तापायची वाट बघत उभे राहिलो. मग त्यानं पुन्हा कोपर बुडवला, खोलीकडं तोंड केलं आणि नेहमीइतक्याच मोठ्यानं ओरडला, "मावशी, बराबर हाय!"