तुटणारी काठी

जेवणं उरकतात आणि जयवंती लादीवर चटई टाकून आडवी होते. दुपारची झोप ही बाईमाणसानं चोरूनच घ्यायची असते. घरात रागावणारं कुणी उरलेलं नाही, तरी ती डोळ्यांवर पदर ओढूनच पडते. मागच्या दारी भांडी घासता घासता प्रणाली ओरडते, "आई, ऊन उतरलं की निघायचं हां! शब्द दिलायस."

जयवंती पदराखालून "हूं" म्हणते. हूं म्हणायला काय जातं?

शब्द दिलाय तो काठीचा. पोरीला जिताडा मासा गरवायला, म्हणजे गळ टाकून धरायला जायचंय, आणि त्यासाठी तिला रिळाची, लांब फेकता येईल अशी काठी हवी. बापाकडे होती तशी. इतर पोरी आयांकडे मोबाईल मागतात, ड्रेस मागतात. हिला नेमकी काठी सुचावी! आणि जायचंय तेही उघाडीवरच.

उघाडी म्हणजे खाडीचं पाणी शेतात घुसू नये म्हणून बांधाला बसवलेली दारं. भरती चढायला लागली की जिताडा तिथं तोंड वासून उभा राहतो, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. प्रणालीचा बाप हसुराम मागच्या वर्षी तिथंच गेला. उधाणाचं पाणी होतं. मोठा मासा लागला, काठी मधोमध मोडली, तेव्हा त्यानं दोरा हाताला गुंडाळला. त्याच्या बापानं जन्मभर तंगुसाची, म्हणजे साध्या नायलॉनची दोरी अशीच हाताला गुंडाळून मासे ओढले होते. पण तंगूस फार ताणलं की तुटतं, फार तर तळहात कापतं. हा नवा दोरा विणलेला. दिसायला शिवणाच्या धाग्यासारखा, पण तुटायचं नाव नाही. ओहोटीला हसुराम खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत सापडला तेव्हा उजव्या पंजाला दोऱ्याचे तीन वेढे होते.

आणि गाव काय म्हणालं? "जीव दिला, पण मासा नाही सोडला! याला म्हणतात गडी!" बाराव्याच्या पंगतीतसुद्धा हेच चाललेलं. आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली जयवंती ऐकत होती. नाही सोडला म्हणजे काय? एकीकडे मासा, एकीकडे मी आणि पोर, आणि ह्या माणसानं मासा धरून ठेवला? वर्ष झालं, तो काटा घशात अडकलाय. भाताचा गोळा गिळून जाणारा काटा नव्हे तो.

पंखा फिरतोय. त्याचं एक पातं कुरकुरतं. किर्र… किर्र… मग किर्रर्र असं लांबतं, आणि जयवंतीला कळतं की हा पंखा नव्हे, हे रीळ आहे. कुणीतरी दोरा ओढून बघतंय.

ती पदर बाजूला करते. ओट्याच्या जागी बाजारातल्या अब्बासभाईच्या दुकानाचा काउंटर आहे. तेच खिळ्यांचे डबे, त्याच जाळ्यांच्या गुंडाळ्या, पण वरती छताला काठ्या टांगल्यात, बोंबील वाळत घालतात तशा, ओळीनं, शेकड्यांनी. अब्बासभाई कुठं दिसत नाही. काउंटरशी पाठमोरा हसुराम उभा आहे. शर्टाची पाठ कोरडी आहे आणि बाह्यांमधून पाणी गळतंय.

"आलीस?" तो मागं न बघता म्हणतो. "बरं झालं गो. मासाच पाहिजे होता मला."

जयवंतीला हसू येतं, आणि हसू आल्याचा रागही येतो. लग्न झाल्यापासून ह्या दुकानात तिचं काम तेच. काठी नुसती हलवून कळत नाही, असं त्याचं म्हणणं. दोरा ओवायचा, टोक बायकोच्या हातात द्यायचं आणि सांगायचं, आता तू मासा. मग ती टोक धरून पायरी उतरायची, पानवाल्याच्या टपरीपर्यंत जायची, झटके द्यायची, डावीकडे पळायची, उजवीकडे पळायची. हा दुकानात काठी वाकवून उभा. सगळा बाजार हसायचा. "अरे हसुराम, मोठी लागली रं! घरी कशी नेशील?"

"आज तुमच्यासाठी नाही घ्यायची," ती म्हणते. "प्रणालीला पाहिजे."

"ठाऊक आहे." तो डाव्या हातानं एक काठी उतरवतो. उजवा हात खिशात आहे. "ही सात फुटी. तिला जड होईल, खांदा भरून येईल. साडेसहाची बघू. हे बघ, शेंडा कसा मऊ पाहिजे, म्हणजे हलकं आमिषही लांब जातं. आणि बूड कडक. जिताडा लागला की पहिला तिवरांत घुसतो. बूड कडक असेल तरच त्याचं तोंड फिरवता येतं. एकदा का मुळांत शिरला की…"

तो थांबतो. खिशातून पाणी ठिबकतं.

"मला तुटणारी दाखवा," जयवंती म्हणते.

"काय?"

"तुटणारी काठी. पहिल्याच झटक्याला मोडेल अशी. आणि दोराही कच्चा."

हसुराम आता वळतो. चेहरा त्याचाच आहे, फक्त फार धुतल्यासारखा. लुगडं धुवून धुवून विटतं तसा. "येडी झालीस का? तुटणारी काठी घ्यायला कोण येतं दुकानात? अब्बासभाई हाकलून देईल."

"देऊ दे. पोरीला मासा नाही मिळाला तर नाही मिळाला. बाजारात काय पापलेट मेलीत?"

"माझी पण मोडलीच होती ना," तो सावकाश म्हणतो. "मोडून काय झालं?"

छताला टांगलेल्या काठ्या एकमेकींवर हलके हलके आपटतात. दुकानात वारा नाही.

"धर," तो साडेसहाची काठी तिच्या हातात देतो. "तू बघ. आज मासा मी."

"मला येत नाही."

"इतकी वर्षं टोकाला होतीस, मग येतंय की. मासा काय करतो ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

तो खिशातून उजवा हात काढतो आणि दोऱ्याचं टोक घेतो. जयवंती बघू नये म्हणते आणि बघते. पंजावर तीन खाचा आहेत, आत पांढरं. रक्त नाही. चिंबोऱ्यांनी करंगळीचं नख नेलंय. टोक मुठीत धरून हसुराम दुकानाच्या पायऱ्या उतरतो. खाली बाजार आहे, बाजारात घोट्याएवढं पाणी आहे, आणि पानवाल्याच्या टपरीमागं तिवरं लागलीत. भाजीवाल्या बायका पाण्यात मांडी घालून बसल्यात. कुणी हसत नाही.

"झटका देतो हां," तो ओरडतो.

काठी वाकते, आणि जयवंतीच्या हातातून, कोपरातून, खांद्यातून काहीतरी सरकत जातं. जिवंत. पलीकडे कुणीतरी आहे आणि ते आपल्याला खेचतंय. तिला लग्नातल्या गाठीची आठवण होते, उपरण्याला बांधलेला पदर पुढं चालणाऱ्याबरोबर असाच ओढला जात होता.

"अहो, हे असं लागतं होय?" तिच्या तोंडून निघून जातं.

"लागतं ना!" तो खूश होऊन म्हणतो. तोच आवाज, पहाटे उठवून 'चहा टाक गो, पाणी भरतंय' म्हणायचा तो. "म्हणून तर! तुला सांगून कळत नव्हतं."

तो डावीकडे जातो, ती काठी उजवीकडे कलवते. तो बुडी मारल्यासारखा वाकतो, ती शेंडा खाली नेते आणि परत उचलते. चांगली काठी आहे. इतकी चांगली की जयवंती घटकाभर विसरते आपण कोण, तो कोण. पाणी त्याच्या गुडघ्याला आहे. पाणी त्याच्या कमरेला आहे. तिच्या पायाखाली अब्बासभाईची पायरी नाही, उघाडीचा चिखलट बांध आहे, आणि दारांखालून पाणी घुमतंय.

"पुरे आता," ती म्हणते. "काठी घेतली. या वर."

"मासा कुठं आपणहून वर येतो?"

"या म्हणते ना!"

ती जोर लावते. काठी मोडते. आवाजसुद्धा होत नाही, कुणीतरी तिच्या हातातून ती काढून घेतल्यासारखी जाते. दोरा पळायला लागतो. जयवंती विचार करत नाही. ती दोरा पकडते आणि बोटाला वेढा घेते. एक, मग दुसरा.

"गुंडाळू नको!" हसुराम घाबरून ओरडतो. "जयवंते, गुंडाळू नको!"

ती तिसरा वेढा घेते. दोरा मांसात रुततो. "आता बोला. आता कुठं जाता? वर्षभर गाव मला सांगतंय, मासा नाही सोडला, मासा नाही सोडला. मी तुमच्या फोटोला हार घालते आणि मनात शिव्या देते. का नाही सोडलात? चांगला असेल, वीस किलोचा असेल, पण मासाच ना तो? मी घरी भाकऱ्या टाकत होते. पोरगी ताटं घेत होती. का नाही सोडलात?"

पाणी त्याच्या छातीला आहे. त्याच्या खांद्यामागून एक मोकळी होडी जाते.

"सोडला होता गो," तो म्हणतो.

"काय?"

"बांधावरनं पाय घसरला तेव्हाच सोडला. हात उघडला मी. असा." तो पाण्यातून पंजा वर काढून दाखवतो, पाची बोटं ताठ उघडी. "बाबाच्या तंगुसाला हात उघडला की सुटायचं. हा सुटेना. मी बोटं उघडून बसलोय आणि हा सुटेना. खाली जाईपर्यंत उघडीच होती. तू बघितलंस ना मला? मूठ होती का?"

जयवंती आठवून बघते. तिवरांतून आणून बांधावर ठेवलेलं ते शरीर, आणि त्याचा उजवा हात. काळानिळा, सुजलेला. बोटं ताठ. उघडी. कुणाला काही मागितल्यासारखी. सगळ्यांनी वेढे बघितले होते. बोटं तिनंसुद्धा बघितली नव्हती.

"नव्हती," ती म्हणते. "मूठ नव्हती."

"मग? गावाला काय, बोलायला लागतं." पाणी त्याच्या हनुवटीला लागलंय. "आता तू सोड."

"सुटत नाही."

"तेच तर सांगतोय."

"तुम्ही तिकडून सोडा ना!"

"माझ्याकडनं कुठं बांधलंय काही?" तो म्हणतो, आणि दोन्ही हात वर करतो. दोन्ही रिकामे. तरीही दोरा ताणलेला आहे, त्याच्या मागं, खाली, दारांखालच्या काळ्या पाण्यात जातोय, आणि काहीतरी तिला सावकाश, घाई न करता ओढतंय. तिची टाच चिखलात घसरते. ती बोटं उघडते. पाचीच्या पाची उघडते.

"आई! आई, ऊठ! बोट बघ तुझं!"

प्रणाली तिच्यावर वाकलीय. ऊन दारातून मागं हटलंय. पंखा कुरकुरतोय. जयवंतीला आधी दुखणं कळतं आणि मग बोट दिसतं. उजव्या हाताची तर्जनी जांभळी पडून वांग्यासारखी टरारलीय, आणि तिच्यात रुतलेला हिरवा विणलेला दोरा. तीन वेढे. वीतभर टोक चटईवर लोंबतंय, आणि त्याच्याखाली चटई ओली आहे.

घरात असला दोरा नाही. हसुरामचं गरवायचं सामान दिरानं केव्हाच नेलं.

"हा कुठनं आला? कधी गुंडाळलास?" प्रणाली रडवेली होऊन वेढा उकलायला बघते. सुजलेल्या बोटावरून तो सरकत नाही. ती कात्री आणते. कात्रीची पाती दोऱ्यावरून निसटतात, दोरा नुसता चावल्यासारखा होतो. "आई, तुटतच नाहीये गं!"

"विळी आण," जयवंती म्हणते. स्वतःचाच आवाज तिला शांत वाटतो.

विळी येते. जयवंती पाट पायाखाली दाबून बसते, बोट पात्याला लावते, डोळे मिटत नाही आणि दाबते. चामडी कापते, रक्त येतं, मग दोऱ्याचा एकेक पदर तुटतो आणि शेवटी टक् होतं. वेढे गळून पडतात. बोटात रक्त परत शिरतं तशी ती कळवळते. चिरलेल्या माशाच्या पाठीसारख्या तीन खाचा राहतात.

प्रणाली हळद दाबते आणि चिंधी बांधते. "आई, काय झालं सांग ना."

"तुझ्या बापानं मासा सोडला होता," जयवंती म्हणते.

चिंधीची गाठ मारता मारता पोर वर बघते. "कोण म्हणालं?"

"बोटं उघडी होती त्यांची. मी बघितली होती, पण मला दिसली नव्हती."

प्रणाली आईच्या बांधलेल्या हातावर आपला हात ठेवून तशीच बसते. जयवंतीला रडू येईलसं वाटतं, पण येतं ते नुसतं उचकीसारखं काहीतरी, आणि तेवढ्यात घसा मोकळा होतो. मग ती पदरानं तोंड पुसते आणि उठते.

"चल, चप्पल घाल. अब्बासभाईनं दुकान उघडलं असेल."

"अगं, अशा हातानं? राहू दे आई. नको मला काठी. खरंच नको."

"पाहिजे. साडेसहाची घे, सातची खांद्याला जड होईल. शेंडा मऊ, बूड कडक. ती नंतर." जयवंती खाली वाकून चटईवरचा दोरा उचलते. तो अजून गार आणि ओला आहे. ती तो प्रणालीच्या ओंजळीत ठेवते. "हा बरोबर घे. आधी सुरी घ्यायची, गळ्यात अडकवायला. दुकानातल्या सगळ्या सुऱ्या काढायला लावू त्याला. जी ह्याला एका फटक्यात तोडेल, ती आपली."