आढ्यातलं नाव

बे दुकसूच्या उजव्या हाताला चारच बोटं होती. अंगठ्याशेजारचं बोट लहानपणी कडबा कापायच्या पात्यात गेलं. बोट नाही म्हणून लष्कराने घेतलं नाही, आणि लष्करात नाही म्हणून हजार वर्षांपूर्वीच्या शिल्ला राजांचा तळ्याकाठचा राजवाडा पुन्हा उभा राहत होता त्या वर्षी तो नेमका रिकामा सापडला. तीन महिने त्याने तळ्याच्या काठावर चिखल तुडवला, गोळे करून छपरावर फेकले आणि वर चढून कौलांखाली थापले. राजघराण्याशी त्याचा संबंध एवढाच.

पण आमच्याकडे आढं चढवताना त्या लाकडात खाच कोरतात आणि बांधणाऱ्यांच्या नावांचा कागद आत ठेवून ती बुजवतात. काम संपल्यावर थोरल्या सुताराने तांदळाच्या दारूचे, माकगोलीचे, दोन वाडगे पोटात गेल्यावर दुकसूच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "तुझंही नाव घातलंय रे!" कागद काही दुकसूने पाहिला नव्हता. पुढची पंचेचाळीस वर्षं मात्र त्याने गावात कुणालाही ही गोष्ट विसरू दिली नाही. माल्सुनच्या बापाने मुलगी दिली तीही या नावावरच. "ज्याचं नाव राजवाड्यात आहे तो अगदीच टाकाऊ नसणार," असं म्हातारा म्हणाला होता. त्या बिचाऱ्याला दुसरं काही म्हणण्यासारखं सापडलं नसावं.

यंदा छप्पर गळायला लागलं. कौलं उतरवली, आढं उघडलं, कागद निघाला. कचेरीने निरोप धाडला की मंगळवारी सकाळी दहाला तो राजवाड्यात गावकऱ्यांसमोर वाचला जाईल.

माल्सुनने नवऱ्याच्या कोटाला इस्त्री केली. दुकसूला रात्रभर झोप नव्हती. सुताराने ते दारूच्या भरात म्हटलं असेल तर? सासरा वर गेला होता, पण माल्सुन होती, आणि तिला तोंड दाखवायचं होतं.

जुनी चिनी अक्षरं वाचता येणारा गावात एकच माणूस, निवृत्त सोक मास्तर. दुकसूची फुशारकी सगळ्यांत जास्त त्यांनीच ऐकलेली, कारण पत्त्यांच्या डावात दोघे समोरासमोर बसत. मास्तरांनी चष्मा पुसला आणि नावं वाचायला घेतली. पहिलं नाव फीत कापायला आलेल्या मोठ्या साहेबांचं. मग त्यांचे हाताखालचे चार साहेब, थोरला सुतार, कौलवाले, दगडवाले, रंगारी. एकंदर तेवीस.

"संपलं," मास्तर म्हणाले.

"परत वाचा," माल्सुन म्हणाली.

मास्तरांनी परत वाचलं. तेवीसच भरली.

"खाली 'आणि इतर' असं काही?" दुकसूने विचारलं.

"नाही रे बाबा." मास्तरांना टोमणा मारायची याहून चांगली संधी आयुष्यात मिळणार नव्हती, पण त्यांनी कागदाची घडी घातली आणि गप्प राहिले. त्या गप्प राहण्याने दुकसूला जास्त लागलं. त्याने उजवा हात कोटाच्या खिशात घातला.

बस अकराला होती, म्हणून सगळे तळ्याला फेरी मारायला निघाले. बदकं पोहत होती. माल्सुन नवऱ्याच्या दोन पावलं पुढे चालत होती. तो लाजेने अर्धा झाला होता.

वळणावर ताडपत्रीवर छपरातून काढलेले मातीचे थर मांडून भोवती दोरी बांधली होती. त्यांच्यापाशी उभा राहून नाम नावाचा तरुण मुकादम आपल्या माणसांवर करवादत होता.

"बघा, हे असं करायचं नसतं! मातीत गवत किती, तर मूठभर! ईशान्येचा अख्खा कोपरा यानेच गळवलाय. आणि वर पंजा उमटवून गेलाय गाढव, सही केल्यासारखा! बोटंही चारच!"

माल्सुन थांबली. मास्तर थांबले. दुकसूने खिशातला हात आणखी खोल नेला. गप्प राहिला असता तर काही बिघडत नव्हतं. बस यायला दहाच मिनिटं होती.

मग तो दोरीखालून वाकून आत गेला, खाली बसला आणि हात काढून मातीतल्या पंजावर ठेवला. नेमका बसला.

"ते गाढव मीच," तो म्हणाला.

मुकादमाची पंचाईत झाली. वडीलधाऱ्या माणसाला गाढव म्हणून झालं होतं आणि शब्द परत घेता येत नव्हता. त्याने कमरेत वाकून नमस्कार केला आणि आदराने म्हणाला, "आजोबा, आपण गवत फार कमी घातलंत."

"घातलं. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब फीत कापायला यायचे होते. गवत संपलं आणि वेळही संपला."

"मला अहवालात लिहावं लागेल. गळतीचं कारण, असा रकानाच आहे. म्हणजे आपलं नाव नाही लिहिलं तरी चालेल."

"अहवाल जातो कुठे?" मास्तरांनी विचारलं.

"एक प्रत कचेरीत. एक नव्या कागदाबरोबर आढ्यात."



"लिहा," माल्सुन म्हणाली. "बे दुकसू. ठळक लिहा. मास्तर, तुम्ही तपासून घ्या."

मुकादमाने लिहिलं. मास्तरांनी चष्मा पुन्हा पुसून तपासलं आणि मान हलवली. बस चुकली होती. माल्सुनने आपल्या रुमालाने नवऱ्याच्या तळव्यावरची माती पुसली, चारही बोटांवरची, एकेक करून.

"छुसोकला, पितरांच्या सणाला, बाबांच्या थडग्यावर जाऊ," ती म्हणाली. "नाव आढ्यात आहे म्हणून सांगू."

"आणि गळतीचं?"

"ते त्यांनी विचारलं तर."