बसामामा शेवटी बसले

सोफे आणि खुर्च्यांच्या गाद्या शिवून देणारा हा माणूस. दुसऱ्यांची बसायची सोय करणं हा त्याचा धंदा आणि तोच स्वभावही. दुकानात कुणी नुसतं डोकावलं, तरी तोंडात धरलेले खिळे तळहातावर काढून हा आधी म्हणणार, "बसा, बसा." म्हणून गल्लीने त्याचे बसामामा करून टाकले. कोपऱ्यात मशीनवर खोळी शिवणारी त्यांची बायको मग ओघानेच मामी झाली.

स्वभावाला औषध नाही म्हणतात. आगगाडीत तर मामांचा स्वभाव नुसता उतू जायचा. कडेवर मूल घेतलेली बाई दिसली, मामा उठले. काठी टेकत आजोबा आले, मामा उठले. इथवर कुणीही कौतुकच करील. पण मामा धडधाकट माणसालाही जागा देत. का, तर "बिचारा दमलेला दिसत होता." एका गृहस्थाला पुढच्याच स्टेशनावर उतरायचं होतं. तो नको नको म्हणत असताना मामांनी त्याला दंडाला धरून बसवलं. बिचारा भिडेपोटी बसला, मामांच्या गप्पांत अडकला आणि त्याचं स्टेशन मागे गेलं. असा हा परोपकार!

मामींचं दुखणं वेगळंच होतं. लेकीचं गाव गाडीने तीन तासांवर. दर खेपेला मामी खिडकीशी, मामा दाराशी उभे आणि मामींच्या शेजारी कुणीतरी परकं माणूस. मागच्या वेळी घरी परतल्यावर त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि सांगून टाकलं, "पुढच्या वेळी मी एकटीच जाणार. नाहीतरी एकटीच जाते."

"अगं, पण म्हाताऱ्या माणसाला काय उभं ठेवायचं?"

"म्हाताऱ्याला खुशाल द्या जागा, मी अडवलंय का? आज तो बॅगवाला पैलवान बसवलात, तो म्हातारा होता? दुकानात माझं मशीन खडखडतं आणि तुमच्या तोंडात खिळे. घरी आलो की दोघंही आडवी. तुमच्याशी बोलायला मला हे तीन तास मिळतात, तेही तुम्ही वाटून टाकता."

मामांना हे लागलं. चांगलंच लागलं. आपला चांगुलपणा बायकोच्या जिवावर चाललाय, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. "या खेपेला हलणार नाही," त्यांनी शब्द दिला. मामींनी ऐकून घेतलं, पण भरवसा काही ठेवला नाही.

ठरल्या दिवशी दोघं गाडीत बसली. मामांनी पिशव्या बाकाखाली सारल्या, पाय आखडून घेतले. पहिल्या स्टेशनावर एक आजीबाई चढल्या. मामांनी हालचाल करण्याआधीच मामी खिडकीकडे सरकल्या, मामांना आपल्याकडे ओढून घेतलं आणि बाकाच्या टोकाला आजीबाईंची सोय झाली. हे असंही करता येतं, हे मामांना इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं!

मग मामी बोलायला लागल्या. नातीचे दात, जावयाची नवी नोकरी, असं करत करत आवाज खाली आला. "ऐका ना. मला सुईत दोरा ओवता येईनासा झालाय. शेजारच्या पोरीकडून ओवून घेते गुपचूप. मला..."

तेवढ्यात गाडी थांबली आणि एक धट्टाकट्टा गृहस्थ आत आला. नेमका मामांसमोर उभा राहिला आणि त्याने हुश्श करून असा काही सुस्कारा सोडला, की सगळ्या डब्याला ऐकू जावा. मामांचे गुडघे आपोआप सरळ व्हायला लागले. मामी बोलता बोलता थांबल्या. रागावल्या नाहीत. नुसत्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मामांनी तो चेहरा पाहिला आणि ते धपकन खाली बसले. पण समोरच्याची नजर सोसवेना. मग ज्या माणसाने जन्मात कधी कुणाला उभं ठेवलं नाही, त्याने बायकोच्या खांद्यावर मान टाकली, डोळे गच्च मिटले आणि घोरायला सुरुवात केली. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. गृहस्थ थोडा वेळ थांबला आणि पुढे जागा शोधायला गेला. आजीबाईंनी पदराआड हसून घेतलं.

"जरा हळू घोरा," मामी त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "लोकांना त्रास होतो."

मामांनी आवाज कमी केला, पण डोळे उघडायचा धीर काही झाला नाही. तसेच मिटल्या डोळ्यांनी ते पुटपुटले, "परत आलो की आधी डोळे दाखवून येऊ. तोवर दोरा मी ओवून देत जाईन. पुढे बोल."